धावून जाणाऱ्यांच्या पाठीशी



30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. सगळे गाव चिखलाखाली गेले आणि मदतीला हाक मारायलाही तिथे फारसे कोणी उरले नाही. बाहेरच्या जगाला खबर मिळाली ती एका एसटी चालकामुळे. नेहमीच्या फेरीची बस घेऊन तो आला, तेव्हा रोज दिसणारे गाव जागेवर नव्हते. 151 माणसे त्या दुर्घटनेत गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, म्हणजे एनडीआरएफचे जवान पुढे कित्येक दिवस त्या चिखलात राबले. त्या सगळ्या कामाची सुरुवात मात्र अशा माणसाने केली होती, ज्याच्या नोकरीत बचावकार्याचा कुठे उल्लेखही नव्हता.

दोन वर्षांनी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बस त्या अंधारात नदीत गेल्या. मागून येणारी वाहने थांबली, कारण पुलाजवळच्या गॅरेजमधला एक कामगार धावत रस्त्यावर आला आणि त्याने ती अडवली. हेलिकॉप्टर, नौदलाचे पाणबुडे, लोहचुंबक लावलेली क्रेन हे सगळे नंतरचे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या दुर्घटनेचा पहिला तास पाहिला, तर तिथे जवळचीच माणसे दिसतात. हे स्वाभाविक आहे. एनडीआरएफची महाराष्ट्रातली बटालियन पुणे जिल्ह्यात सुदुंबऱ्याला आहे. राज्याच्या स्वतःच्या प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला उभारल्या गेल्या. त्यांचे शौर्य आणि कौशल्य वादातीत आहे. पण पोलादपूरच्या घाटात रात्री दोन वाजता दरड आली, तर धुळ्याहून कोणी अर्ध्या तासात पोहोचू शकत नाही. तो अर्धा तास भरून काढणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एक पगारी: अग्निशमन दलाचे जवान, 108 रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक, पोलीस, होमगार्ड. दुसरे बिनपगारी: गिर्यारोहण संस्थांचे, पट्टीच्या पोहणाऱ्यांचे आणि अपघातात मदत करणाऱ्यांचे गट. या दोघांच्या पाठीशी समाज आणि सरकार नेमके किती उभे आहे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

इरशाळवाडीपासून सुरुवात करू. 19 जुलै 2023 ची रात्र. खालापूर तालुक्यातला इरशाळगड, त्याच्या कुशीतली ठाकर आदिवासींची वाडी, पाऊस लागून राहिलेला. रात्री अकराच्या सुमारास दरड आली आणि बहुतेक घरे तिच्याखाली गेली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. निसरडी, खड्या चढाची पायवाट होती आणि ती चढायला धडधाकट माणसाला तास-दीड तास लागे. खोपोलीचे यशवंती हायकर्स आणि परिसरातले तरुण रात्रीच बॅटऱ्या घेऊन वर चढले. त्यांना त्या डोंगराची वाट पाठ होती. मागून आलेल्या शासकीय पथकांना वाट दाखवणे, जखमींना झोळीत घालून खाली आणणे, वर पाणी आणि हत्यारे पोहोचवणे ही कामेही त्यांनीच उचलली. जेसीबी वर नेता येईना, पावसामुळे हेलिकॉप्टर उतरेना. ढिगारा माणसांनी कुदळ-फावड्यांनी उपसला. शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह हाती लागले होते आणि 57 जण बेपत्ता होते.

त्याच चढावर नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी हृदयविकाराच्या झटक्याने कोसळले आणि गेले. इतरांना वाचवायला निघालेला माणूस दुर्घटनास्थळी पोहोचण्याआधीच गेला. शहरातल्या आगींसाठी तयार केलेल्या दलाला आपण डोंगर चढायला पाठवतो, ते लोक ‘नाही’ म्हणत नाहीत, आणि त्यांच्या वयाची, प्रकृतीची, सरावाची चौकशी कोणी केलेली नसते. या मृत्यूकडे केवळ दुर्दैव म्हणून पाहणे योग्य नाही. वर्षातून एकदा सक्तीची हृदयतपासणी आणि अशा मोहिमेसाठी वेगळी निवडलेली तुकडी, एवढे तरी प्रत्येक महापालिकेला सहज करता येते.

सह्याद्रीतल्या पथकांची ओळख बहुतेक शहरी वाचकांना पावसाळ्यातल्या बातम्यांतून होते. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, महाबळेश्वर ट्रेकर्स, खोपोलीतले यशवंती हायकर्स आणि तिथलीच ‘अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी’ ही संस्था ही नावे घाटांजवळच्या पोलीस ठाण्यांना पाठ आहेत. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने या पथकांना जोडणारे एक समन्वय केंद्रही चालते: डोंगरात कोणी अडकले की एका हेल्पलाइनवर फोन जातो आणि तिथून सर्वांत जवळच्या पथकाला निरोप मिळतो. फोन घेणाऱ्यापासून दोर ओढणाऱ्यापर्यंत सगळे स्वयंसेवक. यातल्या कोणाचे दुकान आहे, कोणी शाळेत शिकवतो, कोणी कारखान्यात पाळी करतो. फोन आला की शटर खाली ओढून किंवा साहेबांकडे रजा मागून निघायचे.

ते नेमके काय करतात, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण कौतुक करणाऱ्यांनाही त्याचा अंदाज नसतो. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कर्मचारी महाबळेश्वरच्या सहलीला निघाले होते. आंबेनळी घाटात त्यांची बस शेकडो फूट खोल दरीत गेली. एकच जण वाचला. तोच वर चढून आला आणि त्याच्याचमुळे खबर लागली. बाकीचे 30 जण गेले. धुके, पाऊस आणि सुटे दगड अशा स्थितीत महाबळेश्वरपासून महाडपर्यंतचे गिर्यारोहक दोर लावून खाली उतरले आणि त्यांनी एनडीआरएफच्या जोडीने एकेक मृतदेह वर आणला.

उतरणे त्यातल्या त्यात सोपे. वर आणणे हे खरे काम. रस्त्यालगत भक्कम झाड किंवा कातळ पाहून अँकर बांधायचे, एकावर भरवसा नको म्हणून दुसरेही बांधायचे. स्ट्रेचरबरोबर एक माणूस लटकत येतो. कड्याला घासणारे स्ट्रेचर पायाने दूर ढकलत राहणे हे त्याचे काम. वर कप्प्या लावून ओढणारे उभे असतात. कप्प्यांच्या रचनेने वजन तिसऱ्या हिश्श्याएवढे जाणवते. पण मग स्ट्रेचर एक फूट वर यायला तीन फूट दोर ओढावा लागतो. शंभर मीटरची दरी असेल तर तीनशे मीटर दोर, आणि असे तीसदा. बचावासाठी वापरतात तो स्टॅटिक रोप; ताणाखाली तो फारसा लांबत नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टच्या धारेवर तो घासला की वरचे आवरण फाटते. मोहिमेनंतर तो साध्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, बोटांमधून हळूहळू सरकवत तपासायचा असतो. कुठे मऊपणा किंवा गाठ जाणवली तर तो दोर बाद. एका मोठ्या मोहिमेत दोन-तीन दोर बाद होऊ शकतात, आणि ते पुन्हा विकत घेण्यासाठी बहुतेक वेळा पथकातलेच लोक खिशात हात घालतात.

इथेच आपल्या कृतज्ञतेतली उणीव उघडी पडते. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह यांची या पथकांना कमतरता नाही. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, गणेशोत्सवातले मंडप, सगळीकडे त्यांचे सत्कार होतात. सत्कार करणाऱ्यांची भावना खरी असते. पण त्या खर्चातून एक हार्नेस आला असता, हा विचार आयोजकांना सुचत नाही आणि पथकातली माणसे संकोचाने बोलत नाहीत.

15 एप्रिल 2023 च्या पहाटे बोरघाटात शिंग्रोबा मंदिराजवळ बस दरीत कोसळली. पुण्याच्या बाजूने मुंबईला परतणारी गोरेगावची तरुण वादक मुले तिच्यात होती. 13 जण गेले. कितीतरी जखमी दोरांच्या साहाय्याने वर काढले गेले, आणि त्या दोरांना हात लावणाऱ्यांत पगारी आणि बिनपगारी दोन्ही माणसे होती. अशा ठिकाणी दोघांमधला भेद पुसला जातो. तो पुन्हा उगवतो दुसऱ्या दिवशी. पगारी जवान जखमी झाला तर त्याच्यामागे सेवानियम, वैद्यकीय खर्च, कुटुंबाला निवृत्तिवेतन असे काहीतरी असते. स्वयंसेवकाचा पाय मोडला तर त्याचे दुकान बंद.

पगारी माणसांची स्थिती सगळी चांगली आहे असे मात्र नाही.

मुंबईच्या अग्निशमन दलाचा इतिहास दीडशे वर्षांच्या दिशेने निघाला आहे. 1887 मध्ये ते महापालिकेच्या अखत्यारीत आले. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. आग लागली, जवान ती विझवत होते आणि जहाज फुटले. दलाच्या 66 जणांनी त्यात प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि पुढचा आठवडा आगीच्या प्रतिबंधासाठी राखून ठेवतात. त्यानंतरच्या काळातल्या दोन घटना इथे सांगायलाच हव्यात. जुलै 2014 मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या काचबंद उंच इमारतीत आग लागली; जवान गच्चीवर अडकले आणि त्यांच्यातला एक परतला नाही. 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये आग विझवताना इमारत ढासळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले; सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी नंतर रुग्णालयात प्राण सोडले. दलाचा प्रमुख स्वतः आगीत उतरलेला होता, ही गोष्ट त्या दलाविषयी बरेच सांगते.

काळबादेवीच्या गल्ल्यांतून आजही बंब नेणे हे कौशल्याचे काम आहे. दुतर्फा गाड्या, हातगाड्या, खाली लोंबणाऱ्या वायरी. जवानाच्या पाठीवरच्या श्वसनसंचातल्या सिलिंडरची हवा साधारण अर्धा-पाऊण तास पुरते. कष्टाच्या हालचालीत त्याहून लवकर संपते. इमारतीच्या फाटकापाशी चुकीच्या जागी लावलेली एक मोटार त्या हवेतली दहा मिनिटे खाऊन टाकते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे ही मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे आणि परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यायचे असते. किती सोसायट्यांमध्ये जिन्यातल्या लाल पेटीतला होजपाइप शेवटचा कधी उलगडला गेला, हे सभासदांना माहीत असते? बाराव्या मजल्यावर जवान पोहोचला आणि तिथल्या नळाला पाणी असले, तर त्याला खालून होज ओढत न्यावा लागत नाही. नागरिकाने अग्निशमन दलाला करायची सर्वांत मोठी मदत हीच आहे, आणि तिला देणगी लागत नाही.

आग विझली तरी धोका जवानाच्या अंगाला चिकटून राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायाला पहिल्या गटात घातले. माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे, असा त्या गटाचा अर्थ. प्लास्टिक, फोम, रंग, वायरी जळतात तेव्हा त्यांची काजळी गणवेशात शिरते आणि जवान तोच गणवेश घालून केंद्रावर, कधी घरापर्यंत येतो. प्रत्येकाला गणवेशाचा दुसरा संच, केंद्रावरच धुण्याची सोय आणि नियमित कर्करोग तपासणी एवढ्या गोष्टी मागायला कोणी मोर्चा काढावा लागू नये. नगरपरिषदांच्या छोट्या दलांची तर याहून वेगळी कहाणी आहे. एक बंब, मोजकी माणसे, त्यांतली काही कंत्राटी, आणि एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यापासून उसाच्या फडापर्यंत सगळ्या आगींचा भार.

108 रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात धावतात. सुरुवातीच्या 937 पैकी 233 प्रगत जीवरक्षक सुविधांच्या, बाकी मूलभूत सुविधांच्या, प्रत्येकीत डॉक्टर. खेड्यापाड्यांत बाळंतपणाच्या वेळी ही गाडी आली म्हणून आई आणि मूल वाचल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. पण गाडी चालवणारा आणि आत बसलेला डॉक्टर दोघेही कंत्राटी. पगार, सुट्टी, पाळीचे तास यांची अनिश्चितता घेऊन ते घाटात गाडी हाकतात. रात्रभर जागलेल्या चालकाच्या हाती आपण सर्वांत नाजूक प्रवास सोपवतो.

रस्त्यावरच्या अनोळखी मदतनीसाला मात्र गेल्या दशकात खरा आधार मिळाला. पोलीस आणि कोर्टाच्या फेऱ्यांच्या भीतीने लोक जखमीला हात लावत नसत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये मदतनीसांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134 अ आले. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दायित्व येत नाही, त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती नाही. संरक्षण कायद्यात लिहून मिळाले की माणसे पुढे येतात. मग रोज मदत करणाऱ्या पथकांसाठी असेच काही का लिहिले जाऊ नये?

सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळची आठवण इथे टाळता येत नाही. ऑगस्ट 2019 चा महापूर. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांच्या वर गेलेली, कृष्णाकाठची गावे वेढलेली. ब्रह्मनाळमध्ये गावकऱ्यांनी हाताशी असलेल्या बोटीतून माणसे बाहेर काढायला सुरुवात केली होती. 8 ऑगस्टला ती बोट उलटली आणि 17 जण बुडाले. अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. गावाने एकमेकांसाठी जे शक्य होते ते केले. त्या माणसांना दोष देणे अन्याय होईल. दोष आहे तो नदीकाठच्या गावाला लाइफ जॅकेट, नावाड्याचे प्रशिक्षण आणि बोटीत किती माणसे बसवायची याचा नियम पावसाळ्याआधी न पोहोचवणाऱ्या व्यवस्थेचा.

केंद्र सरकारची ‘आपदा मित्र’ योजना 2016 मध्ये देशातल्या 30 जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्यापर्यंत वाढली. बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याची पिशवी, विमा. कल्पना उत्तम आहे. मात्र सराव न ठेवलेला हात दोन वर्षांत गाठ विसरतो, आणि वीस वर्षे दरीत उतरणाऱ्या जुन्या पथकाला या चौकटीत आपोआप जागा मिळत नाही. प्रशिक्षितांची यादी जिल्ह्याच्या कार्यालयात आणि अनुभवी माणसे गावात, असे दोन वेगळे गट करून चालणार नाही.

रजेच्या प्रश्नावर जर्मनीकडे पाहण्यासारखे आहे. तिथे मोठ्या शहरांत पगारी अग्निशमन दल आहे, पण गावोगावी दल स्वयंसेवकांचे. भोंगा वाजला की कामावरून उठून जाण्याचा त्यांना कायदेशीर हक्क आहे. त्या वेळेचा पगार कापला जात नाही आणि खासगी मालकाला त्याची भरपाई नगरपालिकेकडून मिळते. तळेगाव, चाकण, खोपोली, महाडच्या औद्योगिक पट्ट्यात असे काही करणे अशक्य नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी पथकाकडून मागितलेल्या मदतीचा दाखला द्यायचा आणि कंपनीने ती हजेरी भरपगारी मानायची, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते.

मनाचा भाग सर्वांत दुर्लक्षित. इरशाळवाडीत लहान मुलांचे मृतदेह उचललेला तरुण आठवडाभराने पुन्हा आपल्या गल्ल्यावर बसला. त्याला झोप येते का, हे विचारणारी कोणतीच यंत्रणा नव्हती. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाने प्रत्येक मोठ्या मोहिमेनंतर पथकाबरोबर एक बैठक घ्यावी. त्याला नवा कायदा लागत नाही, एक आदेश पुरतो.

पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न येतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी ठरवून दिली. त्यात प्रतिसादाच्या निधीतला एक भाग, एकूण निधीच्या दहा टक्के, पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी ठेवला होता. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या यादीत 2019 पासून आपत्ती व्यवस्थापन आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्याच्या 41 व्या कलमात स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे पंचायतींवरही, माणसे प्रशिक्षित ठेवण्याची आणि साधने वापरायोग्य ठेवण्याची जबाबदारी आहे. दोर, हार्नेस, स्ट्रेचर, लाइफ जॅकेट, हेडलॅम्प या गोष्टी ‘क्षमतावाढ’ या शब्दात बसतात. त्या बसवून दाखवणारा जिल्हा मात्र हवा.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची मान्सूनपूर्व बैठक दर वर्षी होते. नाले, झाडे, धोकादायक इमारती आणि नियंत्रण कक्षाचे दूरध्वनी यांवर चर्चा होते. त्याच बैठकीत पथकनिहाय साहित्याची यादी आणि बाद झालेल्या दोरांची भरपाई, नोंदणीकृत प्रत्येक स्वयंसेवकाचा अपघात विमा, आणि अग्निशमन दल, 108 व गिर्यारोहक यांचा वर्षातून दोनदा एकत्र सराव, हे तीन विषय कार्यक्रमपत्रिकेवर यावेत. आणि ते मांडायला पथकातलाच एक माणूस त्या टेबलाशी बसलेला असावा.